शेपटीपुरता बिबट्या

“काकू, पुढच्या शनिवारी येताना एक यादी करून आणाल? तुम्ही आजवर कुठले कुठले प्राणी पाहिलेत त्यांची.”

डीएमनं हे विचारलं तेव्हा मला वाटलं, पोरगी माझी फिरकी घेतेय. पण तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि बोट एका ओळीवर टेकलेलं. ड्रुइडला प्राण्याचं रूप घेता येतं, पण ते त्यानं आधी पाहिलेल्याच प्राण्याचं. न पाहिलेल्याचं नाही.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. चार-पाच जण कोंडाळं करून बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि डंजन मास्टर, म्हणजे डीएम, हा सूत्रधार. तो म्हणतो, समोर पूल आहे, पुलावर कुणीतरी उभं आहे, बोला काय करता? तुम्ही काय करता ते सांगायचं आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. माझा भाचा शिकायला माझ्याकडे असतो. दर शनिवारी रात्री एक-एक वाजेपर्यंत हा असतो तरी कुठे, हे बघायला म्हणून मी एकदा कोथरूडच्या त्या फ्लॅटवर गेले, चहा घेतला, आणि उठलेच नाही. सतरंजीवर बसलेल्यांत माझ्याखालोखाल वयाचा जो आहे तो सव्वीसचा.

बाकीच्यांना त्या नियमाचं काही नाही. नियम पात्राला आहे, खेळणाऱ्याला नाही. माझ्या पात्रानं अस्वल पाहिलंय, असं म्हटलं की झालं. भाच्यानं तेच सुचवलं. “मावशी, लिही ना, अस्वल, लांडगा, वाघ. कोण विचारतंय?” पण मी पंचवीस वर्षं विम्याचे दावे तपासतेय. पाहिलं, ऐकलं आणि शेजाऱ्यानं सांगितलं या तीन गोष्टी तीन वेगळ्या रकान्यांत जातात, यावर माझं पोट आहे. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायला हात धजेना. शिवाय कारवीचं बालपण कुठं गेलं ते मीच सांगायचं होतं, आणि मला एकच बालपण ठाऊक होतं.

कारवी हे माझ्या पात्राचं नाव. सह्याद्रीच्या उतारांवर असते ती, सात वर्षांतून एकदा फुलणारी. वय लिहायच्या जागी मी त्रेचाळीस लिहिलं. एवढी सूट सगळेच घेतात.

पात्र रचण्याला पोरं ‘बिल्ड’ म्हणतात, आणि त्यात इतकी गुंतून जातात की कधी कधी प्रत्यक्ष खेळ म्हणजे त्या आकडेमोडीचा निकाल लावण्यापुरताच उरतो. मी आपली साधी ड्रुइड होणार होते. भाच्यानं कान फुंकले. “मावशी, आधी एक लेव्हल बार्बेरियनची घे. मग ड्रुइड. मल्टिक्लास.” बार्बेरियन म्हणजे रागावर जगणारा लढवय्या. त्याला ‘रेज’ आला की तलवारीची, काठीची, दातानखांची इजा निम्मीच लागते. आणि गंमत अशी की हा राग प्राण्याच्या रूपातही टिकतो. ‘सर्कल ऑफ द मून’ नावाच्या परंपरेतला ड्रुइड दुसऱ्याच लेव्हलला अस्वल होऊ शकतो. अस्वलाचे हिट पॉइंट्स, म्हणजे सोसता येणारा मार, 34. ते संपले तर तुम्ही मरत नाही, अस्वल गळून पडतं आणि आतून तुम्ही बाहेर येता. आता ते अस्वल रागावलेलं असेल तर 34चे झाले 68. हा हिशेब मला पुस्तक न उघडता कळला. हप्ता किती ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

तो मी शोधून काढला. दोन वर्गांत पाय ठेवायचा तर दोन्हींची पात्रता हवी. ड्रुइडसाठी शहाणपण 13 आणि बार्बेरियनसाठी ताकद 13. सुरुवातीला वाटून घ्यायला सगळे मिळून 27 गुण असतात. ताकद 12वर न्यायला त्यातले 4 गेले आणि तेरावा गुण माणूस जातीत जन्मल्याबद्दल फुकट मिळाला. माणूस असण्याचा त्या जगात एवढाच फायदा. पण ही विकत घेतलेली ताकद वापरायची कुठे? अस्वल झालं की शरीर अस्वलाचं, ताकदही अस्वलाची. आपली राहते ती बुद्धी, शहाणपण आणि स्वभाव. म्हणजे हे 4 गुण निव्वळ प्रवेशशुल्क. दरवाजातून आत गेल्यावर पावतीचा उपयोग नाही.

दुसरा हप्ता वेळेचा. रूप बदलायला जी एक झटपट कृती लागते तीच राग आणायलाही लागते, आणि एका फेरीत ती एकदाच मिळते. म्हणून पहिल्या फेरीत अस्वल व्हायचं, दुसऱ्या फेरीत रागवायचं, आणि मधल्या काळात मार खायचा. रागात असताना मंत्र चालत नाहीत, आधीपासून चालू असलेला मंत्रही तुटतो. तिसरा हप्ता सगळ्यांत लांबचा. नुसत्या ड्रुइडला विसाव्या लेव्हलला वाटेल तेव्हा, वाटेल तितक्यांदा रूप बदलता येतं. तोपर्यंत ते दोनदाच, मग विश्रांती. एक लेव्हल दुसरीकडे खर्च केली की ती विसावी पायरी कायमची गेली. जन्मभर आपण एक लेव्हल मागे.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” आमच्यात विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळणारा एक मुलगा आहे, तो म्हणाला. अभियंता आहे आणि शुद्धतावादी आहे. पहिल्यापासून विसाव्यापर्यंत विझर्ड, डावीकडे उजवीकडे बघायचं नाही.

चिंध्यांचं हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, अगदी याच स्वरात. आमच्या अण्णांबद्दल.

अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि शेतकरी होते. भोरच्या पुढं डोंगरात आमचं गाव. शाळा टेपाच्या पलीकडच्या वाडीत, आणि आमची खाचरं गाव नि शाळा यांच्या बरोबर मध्ये. अण्णा पहाटे खाचरावर जायचे, साडेदहाला शाळेत. पाचला शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत पुन्हा खाचर. मी सहा वर्षांची झाल्यापासून त्यांच्या मागं चालले. गाव म्हणायचं, मास्तरला शेती जमत नाही. वरिष्ठ म्हणायचे, या शेतकऱ्याला शाळा जमत नाही. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याचं जे होतं ते. मुख्याध्यापकाची बढती दोनदा आली आणि दोन्ही वेळा बदलीसकट आली. खाचरं उचलून दुसऱ्या तालुक्यात नेता येत नाहीत. अण्णांनी दोन्ही वेळा नाही म्हणून कळवलं आणि निवृत्तीपर्यंत उपशिक्षक राहिले. विसावी पायरी गेली म्हणून कुरकुरताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. अर्थात ते आईलाच विचारायला हवं होतं, आणि आई आता नाही.

खाचर संपलं की देवराई लागायची. देवराईत कोयता चालवायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा गावाचा दंडक. त्यामुळे अण्णांचा विळा आत जात नसे. राईच्या कडेला एक जुना आंबा होता, त्याला छातीच्या उंचीवर ढोली. त्या ढोलीत ते विळा ठेवायचे. मग ओढ्यावर पाय धुवायचे, बंडी काढून घडी करायचे, पिशवीतून इस्त्रीचा शर्ट काढायचे. बंडी विळ्याशेजारी ढोलीत जायची. शर्टाची बटणं लावून होईपर्यंत ते माझ्याशी बोलत नसत. शेवटचं बटण लागलं की पहिलं वाक्य शाळेतल्या आवाजात यायचं, “पाढे म्हण.” संध्याकाळी हेच उलटं. शर्ट पिशवीत, बंडी अंगावर, विळा हातात, आणि मग मी ‘कुमारी’ नसून ‘बाळ’.

रूप बदलताना अंगावरच्या सामानाचं काय होतं, याचाही नियम पुस्तकात आहे. सामान पायाशी पडतं, नाहीतर नव्या रूपात विरून जातं, नाहीतर त्या प्राण्याला पेलत असेल तर अंगावरच राहतं. काय ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. भाचा वाचून दाखवत होता. मी म्हटलं, ढोलीत ठेवते. तो म्हणाला, तसा पर्याय नाही.

ड्रुइड धातूचं चिलखत घालत नाहीत, पण विळा वापरतात. त्यांना चालणाऱ्या शस्त्रांत तो नाव घेऊन छापलाय. तिथे तो का आला असावा ते शोधत मी खूप मागं गेले. खरे ड्रुइड हे गॉल आणि ब्रिटनमधले पुरोहित. थोरल्या प्लिनीनं लिहून ठेवलंय की पांढरी वस्त्रं नेसलेला ड्रुइड ओकवर चढून सोन्याच्या विळ्यानं मिसलटोचं बांडगूळ कापतो. आता बांडगूळ म्हटलं की आमच्याकडे कपाळाला आठी पडते, तिकडे सोन्याचा विळा! जूलियस सीझर म्हणतो की त्यांच्यातले काही वीस-वीस वर्षं शिकत आणि विद्या लिहून न ठेवता पाठ करत. हे वाचून आपल्याला घनपाठी आठवावेत यात नवल नाही. इसवी सन 60च्या सुमारास रोमन फौजेनं मोना बेटावरच्या, म्हणजे आजच्या अँगलसीच्या, त्यांच्या राया तोडून टाकल्या, असं टॅसिटस सांगतो. विळा, राई, पाठांतर सगळं आहे, पण यांतला कुणीही असं म्हणत नाही की ड्रुइड अस्वल होत.

ती भर अमेरिकेतली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ 1974मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा नावाच्या गावातून बाहेर पडला. 1975च्या पुरवणीत ड्रुइड आले ते राक्षसांच्या यादीत, खेळाडूंनी मारायचे म्हणून. पुढच्याच वर्षी, ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या पुरवणीत, ते खेळाडूंना घेता येईल असं पात्र झाले. आणि त्याच 1976मध्ये माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा शोधनिबंध ‘इकॉनॉमिक बॉटनी’त छापून आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी वहीत त्या एकाखाली एक लिहून ठेवल्यात. तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि आमची राई जागेवर होती.

1978च्या पुस्तकातला ड्रुइड वाचायला मला फार आवडला. रूप बदलायचं ते सातव्या लेव्हलपासून आणि दिवसातून तीनच वेळा. एकदा सरपटणारा प्राणी, एकदा पक्षी, एकदा सस्तन. अगदी प्राथमिक विज्ञानाच्या पुस्तकासारखी विभागणी. बढतीची पद्धत तर अफलातून. वरच्या जागा मोजक्या, बाराव्या लेव्हलचे ड्रुइड नऊच, त्यांच्या वर तिघे, सगळ्यांच्या वर एक. खालच्यानं वरच्याला द्वंद्वात हरवून त्याची जागा घ्यायची. सेवाज्येष्ठता यादी नाही, गोपनीय अहवाल नाही. अण्णांना हे सांगितलं तर म्हणतील, निदान बदली तरी नाही.

शनिवारपर्यंत यादी झाली. गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री-मांजरं वेगळी काढली तरी एकवीस भरले. लिहिताना लक्षात आलं की यांतले सतरा गावाकडचे, आणि एक सोडला तर सगळे त्या एका वाटेवरचे. भेकर, ससा, मुंगूस, साळिंदर (हे मेलेलं, पण पाहिलेलं), रानडुकराची पिल्लं, घोरपड, धामण, वानरं, आणि राईतल्या उंच फांद्यांवरून उडी मारताना दिसायचं ते शेकरू. पुण्यात येऊन मला पस्तीस वर्षं झाली. या पस्तीस वर्षांनी यादीत भर घातली ती चार प्राण्यांची, आणि त्यांतले तीन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातले. अण्णा जर नुसतेच मास्तर असते तर शाळेजवळ खोली घेऊन राहिलो असतो. नुसतेच शेतकरी असते तर खाचरापुढं जायचं कारण नव्हतं. ती वाट त्यांच्या दोन धंद्यांच्या मधली होती.

पुस्तकामागच्या परिशिष्टाशी यादी जुळवायला बसलो तेव्हा मजा झाली. तिथे एल्क आहे, बॅजर आहे, ध्रुवीय अस्वल आहे. शेकरू नाही, साळिंदर नाही, मोरसुद्धा नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी नाही म्हणजे काय, असं मी म्हटल्यावर डीएमनं उदार मनानं तोडगा काढला. मुंगसाला वीझलचे आकडे, वानराला बबूनचे, भेकराला साध्या हरणाचे. पक्षी आठव्या लेव्हलआधी नाहीत. माझ्या बाबतीत ती रागाची एक लेव्हल धरून नववी. त्यामुळे घार, खंड्या, भारद्वाज हे यादीत असून शिलकीत. भाच्यानं मध्येच 2024चं नवं पुस्तक मोबाइलवर दाखवलं. त्यात पाहण्याची अटच काढून टाकलीय. चार रूपं ठरवून घ्यायची, आणि प्राणी झाल्यावर बोलताही येतं. सोय झाली खरी. पण आमच्या डीएमनं 2014चं पुस्तक पैसे साठवून घेतलंय, तेव्हा आम्ही त्यावरच खेळतो, आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. बोलणारं अस्वल घेऊन मी काय करू?

माझं अस्वल दरवेशाचं आहे. सुगी झाली की दरवेशी यायचा. 1972चा वन्यजीव कायदा झाल्यानंतरही ते बरीच वर्षं हिंडत होते. अस्वलाच्या नाकपुडीच्या वर भोक पाडून दोरी ओवलेली असायची. भित्र्या पोरांना अस्वलाच्या पाठीवर बसवलं की भीती जाते अशी समजूत, आणि अस्वलाचा केस ताइतात घातला की रात्री पोर दचकत नाही. मी भित्री होते. आईनं मला पाठीवर बसवलं. केस काथ्यासारखे राठ, खालून उष्ण वाफ, आणि वास असा की आजही बंद पडलेल्या गिरणीत शिरलं की तो आठवतो. माझ्या दोन्ही मांड्यांना त्याचं पोट खालीवर होताना लागत होतं. दरवेशानं दोरी हिसडली, त्यानं मान वर केली. अण्णांनी सूपभर तांदूळ दिले आणि आत निघून गेले.

एका सेशनमध्ये पुलावर तीन पहारेकरी होते. मी म्हटलं, कारवी अस्वल होते. डीएमनं सहज विचारलं, “कसं दिसतं? वर्णन करा.” ती सगळ्यांनाच विचारते. मी सांगितलं. काळं, छातीवर पांढरट चंद्रकोर, नाक लांब, आणि नाकावर एक भोक. कशाचं भोक, विझर्डनं विचारलं. मी म्हटलं, दोरीचं. त्यानं तोंडाकडे नेलेला चिवडा परत डब्यात टाकला.

पहिल्या फेरीत दोन भाले लागले, मिळून 9. अजून राग यायचा होता. दुसऱ्या फेरीत मी म्हटलं, रेज. पुढचे दोन घाव 8 आणि 6चे, त्याचे लागले 4 आणि 3. मी पंजा मारायला फासा टाकला तो इतका जोरात की उसळून थेट चिवड्याच्या डब्यात गेला. डब्यातला फासा ग्राह्य नाही, असा ठराव त्याच दिवशी बहुमतानं झाला. पुन्हा टाकला. अठरा. पहारेकरी नदीत गेला. बार्बेरियनची ती एक लेव्हल घेऊन चूक केली की नाही याचा वाद तेव्हापासून कुणी काढलेला नाही. विझर्डही नाही.

वाद झाला तो शेपटीचा.

यादीत चौदाव्या क्रमांकावर मी लिहिलं होतं, ‘बिबट्या’, आणि पुढे कंसात ‘शेपटी’. दावे तपासणाऱ्याची सवय. चार महिने त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका रात्री आम्हाला एका गढीची भिंत चढून आत जायचं होतं, आवाज न करता. पुस्तकातला पँथर भिंत चढतो, आणि लपण्यात त्याला सहाची बढत आहे. मी म्हटलं, बिबट्या होते. डीएमनं यादी काढली, कंस वाचला, आणि चष्मा डोक्यावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

मी नऊ वर्षांची होते. थंडीचे दिवस, शाळेत तपासणी होती म्हणून निघायला उशीर झालेला. राईतून बाहेर येताना दिवेलागण झाली होती. अण्णा पुढं, मी मागं. ते एकदम थांबले. त्यांचा डावा हात मागं आला आणि त्यानं मला त्यांच्या पाठीशी दाबून धरलं. बॅटरीचा उजेड पुढं पडलेला. मी त्यांच्या काखेखालून डोकं काढलं तेव्हा कारवीच्या झुडपांत एक शेपटी आत जात होती. जाड, ठिपक्यांची, आणि टोकाशी वर वळलेली. टोक सगळ्यांत शेवटी गेलं. मग अण्णा म्हणाले, “चल.” घरी येऊन आईला काही सांगितलं नाही, मलाही सांगू नको म्हणाले.

ही हकिकत मी सांगितली आणि टेबलावर, म्हणजे सतरंजीवर, दोन तट पडले. विझर्ड म्हणाला, शेपटी म्हणजे प्राणी नव्हे. उद्या कुणी हत्तीची लीद पाहिली म्हणून हत्ती होईल. क्लेरिक, म्हणजे पुरोहित, खेळणारी मुलगी कायदा शिकते. ती म्हणाली, डोंगरावर धूर दिसला तर अग्नी आहे असं मानतात, इथे तर प्रत्यक्ष अवयव दिसलाय. विझर्ड म्हणाला, मानतात, पाहत नाहीत. भाचा म्हणाला, मावशीच्या बिबट्याला फक्त शेपटी येऊ द्या, बाकी मावशीच राहू दे. यावर पाच मिनिटं खेळ थांबला. हसण्यामुळं.

मी स्वतः कुठल्या बाजूची, असं डीएमनं विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे हा दावा आला असता तर मी परत पाठवला असता.

शेवटी तिनं फाशावर सोडलं. निसर्गाच्या ज्ञानाची परीक्षा, पंधरा हवेत. पडले नऊ. मग मी मुंगूस झाले, वीझलचे आकडे, हिट पॉइंट एक, आणि गढीच्या मोरीतून आत गेले. मोरीत उंदीर भेटला. उंदराशी झालेली ती लढाई आमच्या कॅम्पेनमधली सगळ्यांत जीवघेणी लढाई होती, पण ते पुन्हा कधीतरी.

रविवारी सकाळी गावी फोन लावला. अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत, उजव्या कानानं ऐकतात.

“अण्णा, तो राईतला बिबट्या आठवतोय का? तपासणीच्या दिवशीचा.”

“का गं? आता काय त्याचं?”

“एका खेळासाठी हवंय.” मग खेळ काय ते थोडक्यात सांगितलं. माणसानं जनावर व्हायचं, दोन कामं एकदम शिकायची, वगैरे.

“आणि पगार?”

“पगार नाही.”

“मग बरंय,” अण्णा म्हणाले. “विचार.”

“तुम्हाला पूर्ण दिसला होता?”

“दिसला की. सात-आठ हातांवर बसला होता वाटेत. डावा कान फाटलेला. आमच्याकडं बघितलं, जांभई दिली, मग उठला.”

“मला शेपटीच दिसली.”

“तुला मागं धरली होती ना मी. तुला दिसला असता तर तू पळाली असतीस. पळणाऱ्याच्या मागं येतं ते.”

“हातात विळा होता?”

“विळा कुठला! विळा ढोलीत. आंबा अजून वीस पावलं पुढं होता.” पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. “हातात हजेरीपट होता. तो धरला होता पुढं.”

पुढच्या शनिवारी मी यादी नव्यानं लिहून नेली. या वेळी रकाने पाडले होते. ‘पाहिलेले’मध्ये चौदावा क्रमांक तसाच ठेवला, कंसासकट. ‘ऐकलेले’ असा नवा रकाना केला आणि त्यात एकच नोंद केली. बिबट्या, पूर्ण, बसलेला, सात-आठ हातांवरून, साक्षीदार वडील. डीएमनं ती वाचली, मग पुन्हा वाचली. खोडरबर घेतलं आणि चौदाव्या क्रमांकापुढचा कंस पुसायला लागली. कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हातानं तो दाबून धरला होता.

“काकू,” मान वर न करता ती म्हणाली, “फाटका कान कुठला म्हणालात? डावा ना?”